ऊब जास्त झाली

आप्पांच्या आवडत्या रेकॉर्डिंगमधली गायिका तान घेण्याआधी हलकेच श्वास घ्यायची. तो श्वास आप्पांना ऐकू येईनासा झाला. त्यांचे वडील म्हातारपणी ठार बहिरे झाले होते. आता आपली पाळी, असं आप्पा धरूनच चालले. शेवटी बायकोनंच त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं.

कान ठणठणीत निघाले.

"मग दुखणं त्या नव्या डबीत आहे," घरी येताच बायको म्हणाली.

डबी म्हणजे डॅक, मोबाइलमध्ये आकड्यांत साठवलेल्या गाण्याचा आवाज करून ॲम्प्लिफायरला देणारा. जुना डॅक काटेकोर, जरा रुक्षच. "आवाजात ऊब हवी," या साडूच्या सांगण्यावरून आप्पांनी हा मऊ आवाजाचा आणला होता. त्यांचा ॲम्प्लिफायर मुळातच मऊ. दोघांनी मिळून गाण्यावर जाडजूड गोधडी घातली होती.

आप्पांनी कपाटातून जुना डॅक काढून जोडला. गायिकेनं श्वास घेतला आणि आप्पांनी सोडला.

"सापडला गं!"

"सापडणारच. दोघंही गोडगोड बोलणारे असले की खरं सांगणार कोण? जोडीत एक तरी फटकळ लागतं."

"अगदी खरं," आप्पा मनापासून हसले.

"आणि कान जर ठणठणीत आहेत, तर इतके दिवस मी माळा आवरा म्हणून ओरडत होते, ते?"

आप्पांनी डोळे मिटून घेतले. गाणं फारच सुरेख चाललं होतं.