मागे डावीकडे बसलेली

मित्रांनो, मी एक जुनी स्प्रिंग आहे. एका जुन्या मोटारीच्या मागच्या डाव्या चाकावर माझी जागा होती. मला डोळे नाहीत. माणसं मला दिसत नाहीत, पण त्यांचं वजन कळतं आणि आवाज ऐकू येतो. आयुष्यभर मी जग असंच ओळखलं. कोण दमून बसलं, कोण रागाने आदळलं, कोण उगाच अवघडून सीटच्या कडेला टेकलं, हे मला सीटवर बसणाऱ्याच्या आधी कळायचं.

मी जन्माला आले ती भट्टीत. एक सरळ सळई लालबुंद तापवली, गोल गोल वळवली आणि तशीच चरचरत तेलात बुडवली. सरळ राहायची माझी हौस तिथेच फिटली. माझ्याबरोबर माझी जुळी बहीण झाली. ती उजव्या चाकावर गेली, मी डाव्या. आम्हा दोघींच्या सोबतीला एकेक शॉकअप दिला होता. लोकांना वाटतं, गाडी शॉकअप उचलून धरतो. साफ चूक. वजन आम्ही पेलतो. खड्डा आला की आम्ही दबतो, उसळतो आणि एकदा उसळलो की आमचं नाचणं लवकर थांबत नाही. ते आवरण्याचं काम शॉकअपचं. थोडक्यात, घरात राबणारी एक आणि ‘पुरे आता’ म्हणणारा दुसरा.

गाडी चालवायचे ते आमचे मालक. मालकीणबाई त्यांच्या शेजारी कधी बसल्या नाहीत. सुरुवातीला पुढची सीट सासूबाईंची होती, कारण मागे बसलं की त्यांना मळमळायचं. म्हणून बाई मागे, डावीकडे, बरोबर माझ्या डोक्यावर बसू लागल्या. पुढे सासूबाई गेल्या, पुढची सीट रिकामी झाली, तरी बाई काही हलल्या नाहीत.

“आता तरी पुढे ये,” मालक म्हणाले, “लोक मला ड्रायव्हर समजतात.”

“समजू देत,” बाई म्हणाल्या. “पुढे बसले तर मी तुम्हाला गाडी शिकवायला लागेन. मग भांडण.”

तेव्हापासून तोच रिवाज पडला. दार लागायचं, माझ्यावर ओळखीचं वजन यायचं आणि मालक किल्ली फिरवण्याआधी विचारायचे, “बसलीस का गं?” मागून उत्तर यायचं, “बसले. चला.” ते उत्तर आल्याशिवाय इंजिन सुरू झालेलं मी कधी ऐकलं नाही. एकदा दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. मालकांनी विचारलं, बाई गप्प. तेही गप्प. गाडी दारातच उभी. शेवटी बाई फणकाऱ्याने म्हणाल्या, “बसले हो बसले!” आणि मालक इतके हसले, की माझी बहीणसुद्धा हलली.

ते माझ्या ऐन उमेदीचे दिवस. रस्ते वाईट, पण माझी कंबर ताठ. पाहुणे म्हणायचे, गाडी आहे की पाळणा! कौतुक गाडीचं व्हायचं, आम्हाला कोण विचारतो? तरी आपल्याला ठाऊक असलं की पुरे. बाईंचं वजन वाढत गेलं आणि मी दबत गेले. दोघींनीही त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. एकाच बाजूला एकच माणूस वर्षानुवर्षं बसलं की लोखंडसुद्धा त्या माणसाची सवय लावून घेतं.

मग एक दिवस बाई गाडीत अशा बसल्या, की त्यांचं वजन नेहमीच्या जागी नव्हतंच. त्यांना आडवं निजवलं होतं. मालकांनी विचारलं, “बसलीस का गं?” उत्तर आलं, पण मला नीट ऐकू आलं नाही. दवाखान्यातून परत येताना मालक एकटेच होते.

मला वाईट वाटलं का? खरं सांगते, नाही वाटलं. काहीच वाटलं नाही. मी बधिर झाले होते. वजन नव्हतं, तरी मी दबलेलीच राहिले.

त्यानंतर गाडी हलली नाही. सुरुवातीला मालक अधूनमधून येऊन पुढे बसायचे. किल्ली लावायचे. विचारायचे, “बसलीस का गं?” मग बराच वेळ काहीच नाही. मग दार उघडायचं आणि ते निघून जायचे. पुढे विचारणंही थांबलं आणि येणंही. ते घराबाहेरच पडत नाहीत, असं त्यांची लेक शेजारणीला सांगताना मी ऐकलं. “जेवा म्हटलं की जेवतात, झोपा म्हटलं की झोपतात,” ती म्हणत होती. “रडतही नाहीत. रडले असते तर बरं झालं असतं. असेच बसून राहिले तर आईपाठोपाठ तेही हातचे जातील.”

शेवटी लेकीनेच विषय काढला. गाडी कुजवायची नाही, एक तर दुरुस्त करायची, नाहीतर विकायची. मालक म्हणाले, “कर तुला हवं ते.” गॅरेज गल्लीच्या तोंडाशीच होतं. चौघांनी ढकलत गाडी नेली. मालक आत बसले नाहीत. मागून चालत आले.

गॅरेजवाल्याला सगळे गप्पू म्हणायचे, कारण तो कधीच गप्प बसायचा नाही. इंजिन पाहिलं, तेल पाहिलं, बॅटरी बदलली, तोंडाचा पट्टा चालूच. मग गाडीच्या मागे येऊन त्याची पावलं थबकली.

“ही बघा,” तो म्हणाला, “मागे डावीकडे बसलीय.”

मालकांची पावलं झपकन गाडीकडे वळली. काचेवर हात टेकल्याचा आवाज झाला. गप्पूला काय कळणार? त्याच्या भाषेत बसली म्हणजे दबली. तो बोलतच राहिला, “कधीपासून बसलीय कोण जाणे. उठवायला पाहिजे.”

“बसू दे,” मालक म्हणाले.

“अहो, चाक मडगार्डला घासतंय. टायर फाटेल, काहीतरी भलतंच होईल.”

“बसू दे म्हटलं ना तिला!”

बाई गेल्यापासून त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. लेक म्हणाली, “काका, ती आईची जागा आहे.”

गप्पू भला माणूस. त्याने मधला मार्ग काढला. स्प्रिंगला हात लावत नाही, म्हणाला, नुसते शॉकअप बदलतो, चांगले कडक घालतो. माझा जुना साथी गेला आणि एक ताठर परका माझ्या शेजारी आला. गप्पूने रस्त्यावर एक चक्कर मारली. पहिल्याच खड्ड्यात असा दणका बसला, की डिकीचं झाकण उघडलं.

“माझंच चुकलं,” तो परत येऊन म्हणाला. “शॉकअपने गाडी उचलली जात नाही. स्प्रिंग खचलेली आणि शॉकअप कडक, म्हणजे हलायचं नाही, डुलायचं नाही, नुसते दणके खायचे.”

“बाबा,” लेक हळूच म्हणाली, “तुम्हीही तेच करताय.”

मालक म्हणाले, “मग फक्त डावी बदला.”

“एकटी नाही बदलता येत, साहेब,” गप्पू म्हणाला. “गाडी तिरकी राहते. जोडीच बदलावी लागते.”

“हो,” मालक म्हणाले. “जोडीच.”

मला आणि बहिणीला काढून फरशीवर शेजारी शेजारी उभं केलं. इतकी वर्षं एकाच गाडीखाली राबलो, पण भेट ही पहिली. ती माझ्यापेक्षा उंच होती. मालक खाली बसले. त्यांनी माझ्या डोक्यावर बोटं आडवी ठेवली, बहिणीच्या उंचीपर्यंत.

“दोन बोटं,” ते म्हणाले. “एवढीच?”



गप्पूची पहिली नवी जोडी फसली. ती ओझी वाहणाऱ्या गाडीची होती. “गाडी बदकासारखी मागून वर उठली की!” गप्पू म्हणाला. लेक हसली आणि मालकांनी नाकातून हलकासा आवाज काढला. हसू नव्हतं ते, पण जवळपास होतं. दुसऱ्या जोडीची सळई आमच्याइतकीच जाड होती आणि उंची आम्ही कोऱ्या होतो तेव्हाची. त्यांच्याबरोबर शॉकअपही बेताचे घातले. रिकामी गाडी सरळ उभी राहिली.

“माणसं बसवून मापू,” गप्पू म्हणाला. “एक पुढे, एक मागे डावीकडे.”

लेक पुढे बसली. दार लागलं. मग मागचं दार उघडलं आणि मालक बाईंच्या जागी बसले. त्या सीटवर ते आयुष्यात पहिल्यांदा बसत होते. आता माझ्यावर वजन नव्हतं, तेव्हा ते कसे बसले, मला सांगता येणार नाही. गप्पूने चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत पट्टी टेकवल्याचा आवाज आला, मग दुसऱ्या बाजूला.

“आता बरोबर बसली,” तो म्हणाला.

लेकीने किल्ली लावली. फिरवली मात्र नाही.

“बसलात का, बाबा?”

गॅरेजात पंखा फिरत होता. गप्पूसुद्धा गप्प होता. आतून आधी एक हुंदका आला, मग दुसरा, मग मोठ्याने रडण्याचा आवाज. लेकीने घाई केली नाही. थांबणं ती वडिलांकडूनच शिकली होती.

“बसलो,” मालक शेवटी म्हणाले. “चल.”

गाडी सुरू झाली. गॅरेजच्या उंबऱ्यावरून उतरताना एकदा खाली झाली असेल, एकदा वर आली असेल आणि शांत झाली असेल. दणका ऐकू आला नाही.

बहीण भंगारात गेली. मी गप्पूच्या टेबलावर आहे. तो माझ्यावर चहाचा पेला ठेवतो. पेल्याचं वजन ते काय! वजन गेलं की स्प्रिंग पुन्हा उंच होते म्हणतात. मी झाले नाही. ती दोन बोटं माझ्यापाशीच राहिली. पण परवा मालक आत आले, चहा प्यायले आणि रिकामा पेला माझ्यावर ठेवताना त्यांनी तळहात जरा दाबला. मला ते कळलं. बऱ्याच दिवसांनी मला काहीतरी कळलं.

मित्रांनो, तुमच्या गाडीला तेलपाणी करा, चाकं तपासा, ते सगळे सांगतातच. माझी विनंती एवढीच आहे, की निघण्याआधी मागे वळून विचारत जा. आणि तुम्हाला कुणी विचारलं, तर कितीही भांडण झालेलं असो, “बसलो” म्हणायला उशीर लावू नका.