रिकाम्या गाडीचे दिवे

गाडीच्या पासिंगची मुदत आज संपत होती, आणि बाबांचं नेहमीचं तपासणी केंद्र जिथे असायचं तिथे आता गाद्यांचं दुकान होतं.

तराजूने गाडी कडेला घेतली आणि काचेतून गाद्यांकडे बघत राहिली. तराजू हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती एका प्रयोगशाळेत वजनकाटे तपासायची, औषधवाल्यांचे, सोनारांचे, कारखान्यांतले. नोकरी लागली त्या दिवशी बाबांनी हे नाव ठेवलं आणि ते घरात तिला जे चिकटलं ते चिकटलंच.

दुसऱ्या कुणाला अशा वेळी वैताग आला असता. तिला काहीच वाटलं नाही. बाबा गेल्यापासून तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. बातमीचा फोन आला तेव्हा तिने हातातलं पितळी वजन चिमट्याने डबीत ठेवलं, झाकण लावलं आणि मगच खाली बसली. तेव्हापासून आपण तिथेच बसलेलो आहोत आणि उठून कामाला जाणारी, जेवणारी, लोकांशी बोलणारी भलतीच कुणीतरी आहे, असं तिला वाटत राही. रडू येत नव्हतं. येईल तेव्हा येईल, अशी तिने स्वतःची समजूतही घातली नव्हती. तेवढीही गरज वाटली नव्हती.

ती उतरून दुकानात गेली.

"तपासणी केंद्र ना?" गादीवाल्याने ती तोंड उघडायच्या आतच विचारलं. "बंद झालं. म्हातारा मुलीकडे राहायला गेला. रोज कुणी ना कुणी येतं बघा. आता दारावर पाटीच लावणार आहे, की इथे फक्त माणसांची पाठ तपासून मिळेल."

"दुसरं केंद्र कुठे आहे?"

"ते ठाऊक असतं तर गाद्या कशाला विकल्या असत्या? तिथेच दलाली केली असती." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून तो जरा वरमला. "पुलापलीकडे एक आहे म्हणतात. विचारून बघा."

ती पुलापलीकडे गेली.

ही गाडी पास होणं किती गरजेचं आहे, हे तिला नीट ठाऊक होतं. आपल्याला आणखी काहीच वाटत नसलं तरी माहिती म्हणून ते डोक्यात पक्कं होतं. बाबा घरोघरी जाऊन धुलाईची मशिनं दुरुस्त करायचे. हातात हत्यारं देता देता आईही ते काम शिकली, आणि गेली काही वर्षं अवघड मशिनं तीच उघडायची. बाबा शेजारी बसून गिऱ्हाइकाशी गप्पा मारायचे. आता आईला ते काम एकटीने चालू ठेवायचं होतं. दादाला ते पसंत नव्हतं. गाडी भंगारात घालावी आणि आईने आपल्याकडे राहायला यावं, असा त्याचा धोशा होता. अखेर काल जेवणाच्या टेबलावर त्यांचा सौदा ठरला.

"गाडी पास झाली तर ठेव," दादा म्हणाला होता. "मी चकार शब्द काढणार नाही. नापास झाली तर गाडी भंगारात आणि तू माझ्या घरी. कबूल?"

आई पाना पुसत होती. "कबूल. पण मी आयुष्यात मशिनाला नापास केलेलं नाही. बिघडलं असेल तर दुरुस्त करायचं असतं."

"आई, विषय बदलू नकोस."

"कुठे बदलतेय? म्हटलं ना कबूल." मग ती तराजूकडे वळली. "गाडी तू ने. हा घेऊन गेला तर फाटकातूनच नापास करून आणेल."

"वा! म्हणजे मी व्हिलन," दादा म्हणाला.

"व्हिलन नाहीस रे. मुलगा आहेस, म्हणून तर भीती," आई म्हणाली, आणि पुढचा पाना घेतला.

त्यानंतर भावंडांनी मिळून गाडी रिकामी केली होती. मोटारी, पंप, पट्ट्यांची वेटोळी, जुन्या मशिनांतले काँक्रीटचे ठोकळे, खिळे-स्क्रूंचे डबे, सगळं ओढून पुढच्या खोलीत आणून टाकलं. धुताना मशीन नाचू नये म्हणून ते ठोकळे आत बसवलेले असतात. बाबा ते कधी फेकायचे नाहीत. डब्यांना काळ्या चिकटपट्ट्या होत्या आणि प्रत्येक पट्टीचं टोक दुमडून बाबांनी तिला छोटासा कान ठेवला होता. "पट्टीला कान ठेवावा," असं ते म्हणायचे. "आज आपण लावतो, उद्या कुणाला तरी ती काढायची असते." दादा कान ओढून एकेक डबा उघडत, बघत, परत बंद करत होता. ही अडगळ बघितली तर तपासणीवाला गाडी आतसुद्धा घेणार नाही, असं त्याचं म्हणणं. तराजूलाही ते पटलं. निदान न पटण्यासारखं काही सुचलं नाही.

आई दारात उभी राहून बघत होती. "त्यांनी कधी रिकामी नाही नेली. दरवर्षी त्या म्हाताऱ्याशी भांडायचे. मी अशीच चालवतो, तर अशीच तपासा."

"म्हणूनच तर," दादा म्हणाला आणि ठोकळा उचलून आत गेला.

पुलापलीकडच्या केंद्रात फक्त दुचाक्या घेत होते. तिथून पुढचं केंद्र एका इमारतीच्या तळघरात निघालं. बाबांनी गाडीच्या टपावर शिडी ठेवायला लोखंडी कठडा बसवला होता, तो दारातून जाईना. रखवालदाराने वाकून, मान तिरकी करून, एक डोळा मिटून अंदाज घेतला. "आत जाईल, पण टप बाहेर राहील," त्याने निकाल दिला. तिसऱ्या ठिकाणी खिडकीतल्या कारकुनाने पुढच्या महिन्याची तारीख देऊ केली.

"मुदत आज संपतेय," तराजू म्हणाली.

"मग आज काय आलात? काल यायचं."

"काल आले असते तर काल घेतली असतीत?"

कारकुनाने प्रामाणिकपणे विचार केला. "नाही. कालही हेच सांगितलं असतं." मग त्याला तिची दया आली असावी. "रद्दीच्या गोदामामागे एक बाई केंद्र चालवतात. तिथे तारीख लागत नाही. लवकर बंद होतं मात्र. पळा."

ती पळाली नाही. नेहमीच्याच वेगाने गाडी चालवत गेली. उन्हं कलली तेव्हा रद्दीच्या गोदामामागचं ते पत्र्याचं केंद्र तिला सापडलं.

तपासणीवाल्या बाई ठेंगण्या होत्या. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि बोलणं अर्धं माणसांशी, अर्धं गाड्यांशी. "ये गं, ये," त्या गाडीला म्हणाल्या, आणि तराजूला, "तुम्ही तिकडे बाकावर."

चाकं लोखंडी रुळांवर घालून त्यांनी ब्रेक तपासले. खड्ड्यात उतरून खालून हातोडीने ठोकून बघितलं. धूर मोजला, भोंगा वाजवला, सीटचे पट्टे ओढून पाहिले. प्रत्येक वेळी मान डोलवत होत्या. शेवटी चाकांवरची एक पेटी ढकलत आणून पुढच्या दिव्यासमोर उभी केली. पेटीला समोर भिंग होतं आणि आत एक छोटा पडदा, त्यावर दिव्याच्या झोताची कड कुठे पडते ते दिसायचं. बाई वाकल्या. दुसऱ्या दिव्यासमोर वाकल्या. परत पहिल्याकडे आल्या.

"दिवे पडलेत," त्या म्हणाल्या.

"बंद आहेत?"

"बंद कशाला असतील? चांगले चालू आहेत. पण नजर खाली. रस्त्यावर पडलेलं काहीतरी शोधत असल्यासारखे." त्यांनी चष्मा काढला. "बाकी गाडी ठणठणीत आहे हो. जीव लावलाय कुणीतरी. पण या दिव्यांवर मला पास करता येणार नाही. मी बंद करायच्या आत नीट केलेत तर परत बघते. नाहीतर नापास लिहावं लागेल."

तराजूने पेटीत डोकावून बघितलं. पडद्यावरची उजेडाची कड जिथे असायला हवी त्याच्या बरीच खाली होती. ती दुसऱ्या दिव्यासमोर गेली. तिथेही तेवढीच खाली. अगदी तेवढीच.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचं डोकं आपणहून चालू लागलं. धक्का लागून दिवा हलला असता तर एकच हलला असता, किंवा दोन्ही वेगवेगळे हलले असते. दोन्ही सारखेच खाली म्हणजे चूक दिव्यांत नाही. चूक दोन्हींना मिळून लागू होणाऱ्या कशात तरी आहे.

ती गाडीत जाऊन बसली. आज दिवसभर ती इथेच बसली होती आणि दिवसभर ते डोळ्यांसमोर होतं. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला एक छोटं फिरतं बटण, त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. मोडलंबिडलं असेल, म्हणून तिने कधी लक्ष दिलं नव्हतं. बाबा घरातल्या निम्म्या वस्तूंना पट्ट्या लावत.

मागे ओझं भरलं की गाडीचं नाक वर होतं आणि दिवे समोरच्यांच्या डोळ्यांत जातात. त्यासाठी ते बटण होतं. जितकं ओझं, तितकं फिरवायचं, दिवे तितके खाली. बाबांची गाडी कायम भरलेली. म्हणून त्यांनी बटण शेवटच्या खुणेपर्यंत फिरवलं आणि खड्ड्यांत सरकू नये म्हणून पट्टीने बांधून टाकलं. गाडी, ओझं आणि दिवे, तिन्ही एकमेकांना बरोबर जुळलेले. त्यातलं ओझं या दोघा भावंडांनी काढून पुढच्या खोलीत नेऊन ठेवलं.

प्रयोगशाळेत नव्या माणसाला ती पहिल्या दिवशी हेच सांगायची. आधी पारडं रिकामं करा, मग आकडा शून्यावर आणा, आणि मगच वजन ठेवा. पारडं रिकामं केलं आणि शून्य केलं नाही, तर काटा खोटं बोलतो आणि दोष काट्याचा नसतो.

सगळं लख्ख कळलं. पट्टी काढायची, बटण शून्यावर आणायचं. हात मात्र पट्टीकडे जाईना. रोज सकाळी बाबा याच जागी बसायचे. ही पट्टी त्यांनी दाताने तोडली असणार. ती काढली की इथे त्यांनी केलेलं एक काम नाहीसं होणार होतं. याचं वाईट वाटतंय का, हे तिने तपासून पाहिलं. वाटत नव्हतं. फक्त हात जात नव्हता.

फोन वाजला. दादा होता.

"काय झालं?"

"दिवे खाली आहेत."

"म्हणजे नापास."

"अजून नाही."

"अगं, हट्ट नको करूस. आईचं वय काय, ती एकटी कुठे कुठे वाकत फिरणार? काही झालं तर? मला काळजी वाटते तिची. तुला वाटत नाही?"

"माहीत नाही."

"हे काय बोलणं झालं?"

"खरं तेच सांगतेय. मला सध्या काही वाटत नाही, दादा. पण दिवे खाली का आहेत ते कळलंय. आपण गाडी रिकामी केली म्हणून."



"म्हणजे सामान असतं तर पास झाली असती?"

"दिवे बरोबर आले असते."

"आई म्हणाली होती," दादा म्हणाला.

"हो."

"आता नीट करता येईल?"

"येईल. एक पट्टी काढायची आहे. बाबांनी लावलेली."

केंद्राच्या दुसऱ्या दारावर बाई शटरची साखळी सोडवत होत्या, तिचा आवाज येत होता. भंगारवाल्याला फोन करतो, असं दादा आता म्हणेल, असं तिला वाटलं. तसं म्हणायला त्याला पूर्ण मोकळीक होती. ठरलंच होतं तसं.

"कान ठेवलाय का बघ," तो म्हणाला. "असेल." आणि त्याने फोन ठेवला.

तिने पट्टीवरून अंगठा फिरवला. वरून सगळी गुळगुळीत. बटणाच्या मागच्या बाजूला, जिथे डोळ्यांना दिसत नव्हतं, तिथे अंगठ्याला एक दुमडलेलं टोक लागलं.

ते चिमटीत धरून तिने ओढलं. पट्टी एका झटक्यात, कुठेही न फाटता निघून आली. खालचं बटण नव्यासारखं काळंभोर होतं. तिने ते शून्यावर आणलं आणि बाईंना हाक मारली. पेटीमागून बाईंचा आवाज आला.

"अरेच्चा! आले की वर! काय केलंत?"

"बटण होतं पट्टीखाली."

"मला वाटलं मोडलंय. बरं झालं बाई." आणि गाडीला, "जा हो आता घरी."

घरासमोर दादाची गाडी उभी होती. तराजू आत वळली तेव्हा आई पायरीवर बसलेली होती आणि दादा दारात, बाह्या दुमडून, पोटाशी काँक्रीटचा ठोकळा धरून उभा होता.

"पास?" आईने विचारलं.

"पास."

आईने पदर खोचला आणि उठली.

"बघ," दादा म्हणाला, "मी चकार शब्द काढत नाहीये."

"एवढं बोलून?" आई म्हणाली. "तो ठोकळा डावीकडे ठेव. उजवीकडे मोटारी येतात."

सामान भरून होईपर्यंत अंधारून आलं. आई चालकाच्या जागी बसली. पाय पुरेनात, म्हणून सीट पुढे ओढली. ती पुष्कळ पुढे ओढावी लागली. तराजू कुंपणाच्या भिंतीजवळ जाऊन उभी राहिली, आणि आईने दिवे लावले. झोताची कड भिंतीच्या वर, शेजाऱ्यांच्या खिडकीत गेली.

"खाली घे," तराजू ओरडली. कड खिडकीवरून भिंतीवर आली. "अजून. अजून थोडी. बस!"

"पट्टी लावायची का?" दादाने विचारलं.

आईने बटणावर बोट ठेवून जरा विचार केला. "नको. ते सगळं बरोबर घेऊन फिरायचे. मला एवढं रोज उचलवणार नाही. कधी भरलेली असेल, कधी नसेल. फिरतं राहू दे."

दादा मागचं दार लावायला गेला. तराजू भिंतीपाशीच उभी होती, उजेडात. बाहीवर काहीतरी ओढल्यासारखं लागलं म्हणून तिने बघितलं. केंद्रात काढलेली काळी पट्टी तिथे कोपराजवळ चिकटून बसली होती, दुमडलेलं टोक वर करून. ती काढण्याची तिला घाई नव्हती. आईने एकदा भोंगा वाजवून बघितला, आणि तराजू दचकली.