दाणा न बघता लिहिलेली ओळ

मी, एक ओळ, बोलतेय. कवितेतली नव्हे आणि वहीतलीही नव्हे. पेठच्या डोंगरात बायकांच्या गटाचं एक बियाणेघर आहे, तिथल्या संगणकाच्या सेटिंगच्या फाइलमधली वरून सातवी ओळ, ती मी. माझ्याकडे सहसा कुणी फिरकत नाही. तुम्ही आलाच आहात तर जरा बसा.

माझं काम आधी सांगते. संगणकात कंपायलर म्हणून एक असतो. त्याला गिरणीवाला समजा. माणसांनी लिहिलेला प्रोग्रॅम तो दळून देतो, तेव्हा कुठे मशीनला पचतो. गिरणीत डबा ठेवताना आपण 'भाकरीचं' किंवा 'चकलीचं' अशी चिठ्ठी लावतो ना, तशी मी चिठ्ठी. या मशीनचा प्रोसेसर कोणत्या जातीचा, एवढंच मी सांगायचं. गिरणीवाला माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. उलट कधी विचारत नाही. हा त्याचा मोठेपणा म्हणा, नाहीतर आळस.

माझा जन्म मे महिन्यातला, नाशिकमधल्या झीशानच्या दुरुस्तीच्या दुकानातला. झीशान मूळचा मालेगावचा, वडील यंत्रमागावर. हात भलताच चलाख. बियाणेघराचा संगणक फार रेंगाळतो म्हणून गटाच्या मीनाताईंनी तो त्याच्याकडे आणून दिला होता. झीशानने त्यावर नवी ऑपरेटिंग सिस्टीम चढवली. बाजारचे तयार प्रोग्रॅम त्याला चालत नाहीत, सगळं घरी दळायचं अशी हौस. मग माझी गरज पडली. त्याने मान वाकडी करून संगणकाच्या डब्यावरचं चकचकीत स्टिकर वाचलं आणि मला लिहिलं, 'प्रोसेसरचा प्रकार : हॅसवेल'.

हॅसवेल! काय भारदस्त नाव. खरं सांगते, मी आतून फुलून गेले. वरच्या सहा ओळी मला अगदी किरकोळ वाटू लागल्या.

दोन दिवसांनी मीनाताई संगणक न्यायला आल्या. सोबत गटातल्या जुन्या जाणत्या चिमणाबाई होत्या. सत्तरीच्या, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. कालच मोतीबिंदू काढला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, महिनाभर धूळ नको, भुसा नको. म्हणजे बियाणेघराची पायरीसुद्धा चढायची नाही. आणि शनिवारी तर बियाणं वाटायचं होतं. गावोगाव रोपं टाकायच्या जागा, म्हणजे राब, भाजून तयार होते.

बियाणेघरात भाताच्या एक्केचाळीस कणग्या. कणगीवर फक्त आकडा. कोणत्या कणगीत कोणता भात, हे चिमणाबाईंनी सांगितलं आणि मीनाताईंनी या संगणकात भरलं. त्यातले काही दाणे बोटांना सारखेच लागतात, फरक असतो तो टोकाच्या रंगात. एक माळावर लवकर पिकणारा, दुसरा खाचरातला, उशिराचा. चुकून उशिराचा माळावर गेला तर पाऊस संपतो आणि लोंबी पोचट राहते. तो रंग हेरणारी नजर चिमणाबाईंची. त्यांचा एक डोळा कधीचाच अधू, आणि चांगला आता पट्टीखाली.

"उघड बरं आमची यादी," मीनाताई म्हणाल्या.

झीशानने बोट दाबलं. यादीचा प्रोग्रॅम उघडता उघडता मेला. पडद्यावर आलं, चुकीचा आदेश. पुन्हा दाबलं, पुन्हा मेला. झीशानने डिस्क तपासली, मेमरी काढून पुसली, फुंकर मारली. तासाभराने कपाळावरचा घाम पुसत तो म्हणाला, "मीनाताई, मला वाटतं डिस्क गेली. यादी बहुतेक मिळणार नाही."

मीनाताई खालीच बसल्या. "एक्केचाळीस जाती होत्या रे त्यात. मी कागदावर लिहूनच नाय ठेवल्या."

आणि मी? मला माझं नाव सोडून दुसरं काही सुचत नव्हतं.

चिमणाबाई म्हणाल्या, "पोरा, ह्याची जात कोणची?"

झीशान कावराबावरा झाला. "मावशी, आपण कुणाची जात नाही विचारत."

"अरं, माणसाची नाय रं! भाताची असती तशी. ह्या डब्याची."

"हां, ती! हॅसवेल."

"कशावरनं?"

"हे काय, स्टिकर आहे ना इथे."

चिमणाबाईंना हसू फुटलं. "माझा कोळपी भात युरियाच्या पोत्यात ठेवलाय. पोत्यावर युरिया लिवलाय. मग तो युरिया झाला काय? पोतं काय बघतोस, दाणा बघ."

झीशानने मशीनलाच विचारलं, तू कोण? मशीनने सरळ उत्तर दिलं, कोअर टू. हॅसवेलपेक्षा कितीतरी जुना. झीशानने जीभ चावली. चार वर्षांपूर्वी डोंगरातल्या ओलीने याचा डबा गंजला होता. त्यानेच आतलं सगळं काढून दुसऱ्या डब्यात बसवलं होतं. स्टिकर त्या डब्याचं. जुन्या मशीनला कळणार नाहीत असे आदेश गिरणीवाल्याने यादीच्या प्रोग्रॅममध्ये घातले होते, आणि ते माझ्या शब्दावर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

झीशानने माझ्याखाली 'कोअर टू' अशी नवी ओळ लिहिली आणि पुन्हा दळायला लावलं. दोन तास लागले. मीनाताईंनी आणलेल्या भाकऱ्या तिघांनी खाल्ल्या. मग यादी उघडली. मीनाताई एकेक नाव मोठ्याने वाचत गेल्या, चिमणाबाई मान हलवत राहिल्या. एक्केचाळीसावं नाव झाल्यावर झीशानने मला पुसायला बोट उचललं.

"काय करतोस?" चिमणाबाईंनी विचारलं.

"चुकीची ओळ होती ना, ती काढतोय."

"राहू दे. आमी भेसळीच्या दाण्याचीबी एक मूठ बांधून ठेवतो. नव्या पोरींना दावायला. खोटा बघितल्याबिगर खरा कसा कळंल?"

झीशानने मला पुसलं नाही. माझ्यापुढे एक छोटी खूण घातली. ती खूण असली की मशीन ती ओळ वाचत नाही, माणसं मात्र वाचू शकतात.

शनिवारी बियाणं ज्याच्या त्याच्या शेतात गेलं. माळावरचा भात आता वीतभर झालाय म्हणे. चिमणाबाईंची पट्टी सुटली. स्टिकर त्यांनी स्वतः नखाने खरवडून काढलं. गटात नवी मुलगी शिकायला आली की मीनाताई आधी भेसळीची पुरचुंडी सोडतात, मग फाइल उघडून माझ्यावर बोट ठेवतात.

कामाची मी राहिले नाही, याचं वाईट वाटतं. खोटं कशाला बोलू? पण तुम्हाला कधी कुणाचं नाव लिहायची वेळ आली, तर आधी आत डोकावून बघा. मग लिहा. आता उठा तुम्ही, दारात नवी मुलगी आलीय. मला दाखवायची वेळ झाली.