बाटली फोडायला दहा मुलं

आत्याचा राग गल्लीला नवा नव्हता. तिच्या शिवणाच्या दुकानात चुकीचं माप सांगणाऱ्या गिऱ्हाइकापासून दारात गाडी लावणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी तो झेललेला होता, आणि पाठीमागे तिला सगळे 'तोफ' म्हणत. पण त्या बुधवारी दुकानाचं शटर खाली ओढून, भाच्याला काखोटीला मारून ती रस्त्यावर आली, तेव्हा समोरच्या चहावाल्याने नेहमीची थट्टा केली नाही. तो गुपचूप कप विसळत राहिला.

त्याचं असं झालं होतं. भाऊ ट्रकवर आणि वहिनी कारखान्यात पॅकिंगला, म्हणून भाच्याला गोवराची लस टोचून आणायचं काम आत्याकडे आलं. आरोग्य खात्याचं केंद्र गल्लीच्या टोकाला. लस फुकट, दर बुधवारी. पहिल्यांदा ती गेली तेव्हा बाकावर एकटी भाजीवाली होती, मांडीवर तिची चिमी. सिस्टरांनी दोघींना अगदी गोड बोलून परत पाठवलं. एका बाटलीत दहा मुलांची लस असते, फोडली की काही तासांत संपवावी लागते, उरलेली फेकून द्यायची; तेव्हा दहा मुलं जमली की फोडू, असं त्या म्हणाल्या. आत्याला ते पटलंसुद्धा. वीतभर कापड वाया गेलं तरी तिचा जीव तुटतो.

पुढच्या बुधवारी चार मुलं जमली. पुन्हा तेच, फक्त बोलण्यातला गोडवा जरा आटलेला. भाजीवाली हातगाडी शेजारच्याच्या भरवशावर टाकून आली होती. ती चिमीला घेऊन तशीच परत गेली. त्याच्या पुढच्या बुधवारी सिस्टर कुठल्याशा मीटिंगला गेल्या होत्या आणि दाराला कुलूप होतं. बाहेरच्या भिंतीवरचं रंगवलेलं बाळ मात्र मजेत हसत होतं.

त्याच आठवड्यात चिमीला गोवर निघाला. आधी ताप, मग अंगभर पुरळ, मग छाती भरली. आता ती नाकाला नळी लावून रुग्णालयात पडली होती. आत्या भेटून आली तेव्हा भाजीवालीने तिला एकच विचारलं, तुझा भाचा बरा आहे ना. रोज सकाळी आत्या भाच्याचा सदरा वर करून पोट बघायची, पाठ बघायची, कानामागे बघायची, आणि डास चावल्याची लाल खूण दिसली तरी त्याला दारातल्या उजेडात नेऊन पुन्हा बघायची.

दहा मुलं हवीत ना यांना? ठीक आहे, दहा मुलं.

ती दारोदार फिरली. निम्म्या गल्लीचे कपडे तिच्या दुकानात अडकलेले, तेव्हा नाही म्हणायची सोय कुणालाच नव्हती. एकीने बाळ आत्ताच झोपलंय म्हटलं, तर आत्याने ते दुपट्यासकट उचललं आणि चालू लागली. मागून आई चप्पल शोधत धावली. एक म्हणाली, ह्यांना विचारून सांगते. आत्याने ह्यांचा नंबर घेतला आणि स्वतःच विचारलं. ह्यांनी घाईघाईने हो म्हटलं. अशा नवव्या आईला तिने घराबाहेर काढलं आणि ती वरात घेऊन केंद्रात शिरली. बाकावर जागा उरली नाही.

सिस्टर बघतच राहिल्या. मग हसल्या आणि बाटली फोडली. आत्या दारात उभी राहून एकेकीला पुढे सरकवत होती. भाच्याला तिने शेवटी ठेवलं होतं. आपण सगळ्यांना ओढून आणायचं आणि आपलंच पोर पुढे काढायचं, हे तिला बरं दिसेना.

भाच्याची पाळी आली आणि सिस्टर म्हणाल्या, संपली.

आत्याने मोजलं होतं ते आयांना. आया दहा होत्या, भाच्याच्या आईच्या जागी ती स्वतःला धरून. त्यातल्या एकीला जुळी होती, हे तिच्या डोक्यातून पार गेलं. त्या जुळ्यांची झबली तिनेच शिवली होती, दोन एकसारखी. ती तशीच उभी राहिली आणि तिचे कान तापले. स्वतःचा इतका राग तिला कधी आला नव्हता.

सिस्टर चुचकारत म्हणाल्या, पुढच्या बुधवारी याला पहिला नंबर देते. आत्याने भाच्याला टेबलावर ठेवलं. सिस्टरांच्या समोर, कापसाच्या डब्याशेजारी.

"मी इथून हलणार नाही," ती म्हणाली. "माझ्यावर ओरडा, पोलीस बोलवा. टोचल्याशिवाय हा या टेबलावरून उठणार नाही."

मागे बाकावरची एकही आई घरी गेली नव्हती. सिस्टरांनी आतल्या साहेबांच्या केबिनच्या बंद दाराकडे एकदा पाहिलं. मग शीतपेटी उघडली, दुसरी बाटली काढली आणि झाकण उडवलं. एवढासा टक आवाज झाला. भाच्याने टाहो फोडला, बाकावर कुणीतरी सुटकेचा श्वास टाकला. सिस्टर हलक्या आवाजात म्हणाल्या, "एकट्यासाठी फोडली हो मी." दोन बऱ्या शब्दांची अपेक्षा होती त्यांच्या चेहऱ्यावर.

"एकट्यासाठी फोडता येते?"

"येते की. मनाई कधीच नव्हती. पण लस वाया गेली की साहेब मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर खरडपट्टी काढतात. नको वाटतं हो."

आत्याच्या तोंडात आलेली शिवी तिथेच अडकली. ज्या नियमाला आपण शहाण्यासारखी मान डोलावली, तो नियमच नव्हता. साहेबांची बोलणी चुकवायची होती, एवढंच. आणि पहिल्या बुधवारी या बाकावर दोन लेकरं होती.

ती ओरडेल म्हणून सगळ्या थांबल्या. ती ओरडली नाही.

"तुमची ड्यूटी किती वाजता सुटते?"

"पाचला. का हो?"

"माझ्याबरोबर रुग्णालयात यायचं. चिमीची आई तिथे बसली आहे. आत्ता मला जे सांगितलंत ते तिला सांगा, याच शब्दांत. मी मध्ये बोलणार नाही."

सिस्टरांनी मान खाली घातली आणि उगाच कापसाचा डबा नीट करू लागल्या. आत्याने रडणाऱ्या भाच्याला उचललं, बाकावर जागा करून घेतली आणि त्यांच्याकडे बघत बसून राहिली.