नव्या गाडीचं गाऱ्हाणं

लेकीला, समीक्षेला, मये गावात दिली, त्याच वर्षी शंभू घाड्यानं जन्मात पहिल्यांदा नव्या गाडीचं बुकिंग केलं. लग्न वैशाखात झालं, बुकिंग गणेशचवथीच्या तोंडावर. दसऱ्याला देतो म्हणाले, मग दिवाळीला. आता मोपाच्या विमानतळावर विमानं उतरायला लागली तरी गाडीचा पत्ता नव्हता. म्हापशाच्या शोरूममध्ये काचेच्या टेबलापुढे तो उभा होता. बसा म्हटलं तरी बसत नव्हता.

"काका, बसा तरी," तेजस्विनी म्हणाली. गाड्या विकणारी ती मुलगी बोलताना कोटाची बाही सारखी खाली ओढायची.

"बसान काय करू? बसूक गाडी दी."

"कंपनीकडूनच येत नाही, काका. गाडीत नखाएवढा एक तुकडा असतो, तो परदेशातून यायचा. तो मिळत नाही म्हणून सगळं अडलंय."

मागच्या सोफ्यावर शंभूची बायको चंद्रावती टेकली होती. पाय सुजलेले, म्हणून चपला काढून तळवे गार लादीवर ठेवलेले. ती तिथूनच म्हणाली, "नखाएवढ्या तुकड्यान गाडी अडता, तर माझी किडनी मुठीएवढी आसा गो बाय. माणूस अडलां तर नवल काय!"

तेजस्विनीला हसावं की नाही ते कळेना.

चंद्रावतीला एक दिवसाआड म्हापशाच्या इस्पितळात डायलिसिसला यावं लागे. त्या दिवशीही दोघं तिथूनच आली होती. सकाळी पेडण्याला बस पकडायची म्हणजे एक सोहळाच. बसची पहिली पायरी गुडघ्याच्या वर. वरून कंडक्टर हात ओढायचा, खालून शंभू कमरेला रेटा द्यायचा, आणि सगळी बस खिडकीतून बघायची. "पोत्यासारखी चढयतास माका," असं ती आधी हसून म्हणायची. अलीकडे हसणं गेलं होतं, वाक्य तेवढं राहिलं होतं. वाड्यावर गाड्या होत्या, लोक न्यायचेही. पण एक दिवसाआड कोणाच्या दारात उभं राहणार?

म्हणून चवथीच्या आधी शंभूनं तिला शोरूमांतून फिरवलं होतं. ती प्रत्येक गाडीत बसून बघायची. कुठं गुडघा अडायचा, कुठं डोकं आपटायचं. या एका गाडीच्या दारात ती पाठमोरी झाली, टेकली, आणि पाय आपसूक आत आले. "हीच," ती म्हणाली होती. "हिका चढूचां लागना. हीत बसूचां." काजूचा डोंगर विमानतळाच्या रस्त्यात गेला होता. त्याचे आलेले पैसे समीक्षेच्या लग्नात निम्मे सरले, उरलेले या गाडीसाठी ठेवले.

तेजस्विनीनं पुन्हा बाही ओढली. "आणि काका, एक सांगायचं राहिलं. पहिल्या तारखेपासून भाव वाढलेत."

"माका काय तेचां? मी चवथीक पैशे भरलंय."

"ते बुकिंगचे. गाडी हातात येईल त्या दिवशीचा भाव लागतो."

शंभू टेबलावर वाकला. "म्हणजे उशीर तुमी करूचो आणि दंड मी भरूचो? गो बाय, सोडा फॅक्टरीचो टेम्पो चालवण्यात माझो जल्म गेलो. बाटल्यो उशिरा पोचल्यो तर गिरायक आमका गाळी घाली. आमी गिरायकाकडे जादा पैशे मागूक नाय!"

तेजस्विनीनं पुढ्यातले कागद सारखे केले. भाव तिनं थोडेच वाढवले होते? पण ज्यांनी वाढवले ते टेबलापाशी बसत नाहीत. टेबलापाशी तिलाच बसवतात.

तेवढ्यात काचेचं दार दोन्ही बाजूंनी उघडलं आणि तीन पांढऱ्या गाड्या ओळीनं पुढ्यात येऊन थांबल्या. बॉनेटवर झेंडूचे हार. चंद्रावतीनं मान वर केली. तीच गाडी. पाठमोरं होऊन बसायची.

पाठोपाठ प्रज्योत आला. शंभूच्याच वाड्यावरचा पोर, विमानतळावर उतरणाऱ्या पर्यटकांना गाड्या भाड्यानं द्यायचा.

"अरे, घाडीमामा! तुमी हंय खंय?"

"ह्यो गाडयो तू कधी बुक केलंस रे?"

"दिवाळी जातकच."

"मी चवथीत."

प्रज्योतनं तेजस्विनीकडे पाहिलं, तिनं कागदांकडे. मग तोच खालच्या आवाजात म्हणाला, "मामा, हां वरचां मॉडेल. तां येता. तुमचां साधां, तां कोण धाडीत नाय. आणि मॅटी, कव्हरां, गाणी वाजवची पेटी, सगळां ह्येंच्याकडचांच घेवचां लागता. मगेच गाडी सुटता."

शंभूनं बुकिंगची पावती घडी करून खिशात घातली. म्हणजे निघायचं, हे चंद्रावतीला ठाऊक होतं. तिनं हळूच पाय चपलांत सरकवले.

शोरूमचा मॅनेजर सिद्धेश हसत हसत ताट घेऊन आला. नारळ, कुंकू, उदबत्ती. फोटोवाला सरसावला. प्रज्योतला एकदम काही सुचलं.

"मामा, तुमी आसात तर गाऱ्हाणां तुमीच घाला. आमच्या बापायच्या स्कुटराक तुमीच घातलास. आजून तेका एक ओरखडो नाय."

खोटं नव्हतं ते. शंभू गावच्या देवळाचा घाडी. देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या. वाड्यावर पहिली लुना आली तेव्हापासून नवी गाडी म्हणजे शंभूचं गाऱ्हाणं. ट्रॅक्टर, रिक्षा, पदेराची पावाची सायकलसुद्धा. लोकांच्या चाकांसाठी त्यानं देवाला किती विनवलं याला हिशेब नाही. स्वतःच्या चाकासाठी तोंड उघडायची पाळीच आली नव्हती.

"घाला," चंद्रावती म्हणाली. "देवाच्या कामाक नाय म्हणूचां नाय."

शंभूनं चपला काढल्या. नारळ दोन्ही हातांत घेऊन गाडीपुढे उभा राहिला. देवळात लागतो तोच आवाज काचेच्या त्या खोलीत लागला आणि टेबलांवर बोलणारी माणसं गप्प झाली.

"बा देवा रवळनाथा, माये सातेरी, बारा वाड्यांच्या म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" चंद्रावतीनं ओ दिली. तिथल्या मुलखात ही ओ शिकवावी लागत नाही. घाड्याचं वाक्य संपलं की ती उभ्या माणसाच्या तोंडून निघतेच.

"तुझ्या ह्या लेकरान, प्रज्योतान, आज नवी गाडी केल्यान. वळणावळणार तेची राखण कर, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" प्रज्योत, रखवालदार, दोन मेकॅनिक, सगळ्यांनी साथ दिली.

इथं नारळ फोडायचा. शंभूचा हात वर गेला, पण खाली आला नाही.

"आणि जिका बशीची पायरी चढूक जमना, तिची गाडी जेणी दुसऱ्याक दिली, तेका तू बगतस मां, म्हाराजा?"

"होय म्हाराजा!" तोंडातून गेल्यावर लोकांना कळलं आपण कशाला होय म्हटलं ते. सिद्धेशही म्हणून गेला होता. त्याचा हात गळ्यातल्या टायकडे गेला.

"उशीर आपण करतत आणि दंड आमका लायतत, तेंच्या तराजवार तुझी नदर आसूं दी, म्हाराजा!"

आता आवाज विरळ झाले. फक्त गाड्या धुणारा मंगेश बादली घेऊन दारात आला होता. तो कोल्हापूरकडचा, त्याला बोली समजली नव्हती, पण देवाचं चाललंय एवढं कळलं. तो सगळ्यांत मोठ्यानं ओरडला, "होय म्हाराजा!"

"आमचो काजीचो डोंगर विमानाक गेलो. विमान वेळार येता. आमची गाडी येयना. ह्यो खंयचो न्याय, म्हाराजा?"

उदबत्तीची राख ताटात पडली. मग सोफ्यावरून एकटा, खरखरीत आवाज आला.

"होय म्हाराजा."

शंभूनं नारळ लादीवर आपटला. पाणी घरंगळत भावाच्या फलकाखाली गेलं.

"हे काय वागणं, काका?" सिद्धेश लाल झाला होता. "हे शोरूम आहे!"

"म्हणान तर हळू बोललंय. देवळात आसतंय तर आयकला आसतंस."

चंद्रावतीला हात देऊन तो बाहेर पडला. प्रज्योत मागून धावत आला. चेहरा उतरलेला. "मामा, थांबा. ह्याच गाडयेन घरा सोडतंय. काकीक बसयतंय." त्यानं मागचं दार उघडलंसुद्धा.

"बस आसा आमका," शंभू म्हणाला. मागं वळूनही पाहिलं नाही.

चंद्रावतीनं पाहिलं. उघडं दार, बसकी सीट, त्यावरचं चकचकीत प्लास्टिक. मग ती नवऱ्यामागून चालू लागली. बस स्टँडवरच्या बाकावर टेकल्यावर म्हणाली, "बसलंय आसतंय तर काय झालां आसतां?"

शंभू चमकला. "तुका बसूचां होतां?"

"एकदा."

बस आली. कंडक्टरनं वरून हात दिला, शंभूनं खालून रेटा दिला.

गाडी आली ती गुढीपाडव्याला. तेजस्विनीचाच फोन आला होता. मॅनेजरच्या मागे लागून तिनं ती मिळवली होती, पण भाव नवाच लागला. नको ती गाडी, असं समीक्षा मयेहून येऊन रडून सांगून गेली. पण बुकिंग मोडलं असतं तर पैसे कापून घेतले असते, आणि त्या लोकांना फुकटचा एक पैसाही द्यायला शंभू तयार नव्हता. प्रज्योतनंच ती चालवत वाड्यावर आणली. माणसं जमली. कोणीतरी नारळ आणून शंभूच्या हातात दिला.

"मामा, गाऱ्हाणां घाला."

"एकदा घातलंय," शंभू म्हणाला. "तांच परत सांगूक देव बहिरो नाय."

त्यानं मागचं दार उघडलं, नारळ न फोडता सीटवर ठेवला, आणि दार तसंच उघडं ठेवून ओसरीवर जाऊन बसला. संध्याकाळपर्यंत कोणी ते लावलं नाही.

चंद्रावती शंभू घाडी होळीच्या आदल्या सोमवारी सकाळी पेडण्याच्या बस स्टँडवर, म्हापशाच्या बसची वाट बघताना वारली होती.