जाण्यापुरता विमा

"सही करा ना मिस," तान्यूस अजीजीने म्हणाला. "इथं येणारे सगळे करतात."

"सगळे खोटं बोलतात म्हणून मीही बोलू?"

तान्यूसने मान खाली घातली. बैरुतजवळच्या हदतच्या शाळेत वदादने एकतीस वर्षं गणित शिकवलं होतं आणि हा तान्यूस तिच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. आता डोक्यावर चंद्र उगवला, विम्याचं स्वतःचं ऑफिस झालं, तरी ती समोर आली की तो आपोआप ताठ बसे.

अर्जातली शेवटची ओळ वदादने चौथ्यांदा वाचली. 'माझं विमान रद्द होऊ शकेल अशी कोणतीही परिस्थिती आज मला ठाऊक नाही.' खिडकीबाहेर, वर कुठंतरी, इस्रायलचं ड्रोन घोंघावत होतं. तीन दिवस झाले, थांबायचं नाव नाही. साऱ्या बैरुतने त्याचं नाव उम्म कामिल, म्हणजे कामिलची आई, ठेवलं होतं, एखाद्या चोंबड्या शेजारणीचं ठेवावं तसं. नाव ठेवून भीती काही कमी झाली नव्हती.

"मग ही डोक्यावर फिरतेय ती कोण?" तिने बोट वर केलं.

"लिही रे तान्यूस," तिचा नवरा स्कंदर म्हणाला, "बाईसाहेबांची उम्म कामिलशी ओळख आहे. परिस्थितीशी नाही."

तान्यूस खो खो हसला. वदादला हसू आलं नाही. हे विमान चुकलं तर जहाज चुकणार होतं आणि जहाज चुकलं तर नबीह.

नबीह त्यांचा एकुलता एक. जहाजावरच्या भटारखान्यात पाव भाजायचा. सहा वर्षांपूर्वी ईस्टरला घरी आला आणि विमानं बंद पडली. चाळीस दिवस अडकला, तोवर नोकरी गेली. दुसऱ्या जहाजावर काम मिळालं तेव्हापासून त्याने घरी पाऊल टाकलं नव्हतं. दर सणाला फोनवर म्हणायचा, "ममा, येऊ का?" आणि काळजावर दगड ठेवून वदादच म्हणायची, "येणार कशानं रे? विमानांचा काही भरवसा आहे का?" शेवटी स्कंदरनेच तोड काढली. पोरगा जहाजावरून उतरू शकत नाही ना, मग आपण चढू. ग्रीसमधल्या पिरेयस बंदराहून निघणाऱ्या सात दिवसांच्या सफरीची दोन तिकिटं त्याने काढली.

"विमा दोन तऱ्हेचा आहे," तान्यूस सांगू लागला. "एक फक्त जाण्याचा. विमान रद्द झालं, अगदी विमानतळ बंद पडला, तरी कंपनी दुसरी जागा बघून देते, नाहीतर पैसे परत. जहाज निघून गेलं असेल तर पुढच्या बंदरावर नेऊन सोडते. दुसरा, जाण्यायेण्याचा. तो महाग, जवळजवळ दुप्पट."

"येण्याचा कशाला?" स्कंदर म्हणाला. "अरे, इथं आजवर कोणी परत यायला मिळेल का म्हणून घाबरलंय? निघायला मिळेल का, हीच रड! आणि समजा, परतीचं विमान बंद पडून ग्रीसमध्ये पोराजवळ अडकलो, तर तू मला नुकसानभरपाई देणार? वर पैसे मोजीन मी त्याचे!"

यावर मात्र वदादही हसली. आणि हसता हसताच तिने सही केली, आयुष्यात पहिल्यांदा, ढळढळीत खोट्या वाक्याखाली.

पुढचे तीन आठवडे ती सही तिला खात राहिली. कंपनी म्हणेल, बाई, तुम्हाला तर सगळं ठाऊक होतं! स्कंदर चिडवायचा, "उम्म नबीह, तुझ्यासाठी तुरुंगात मकदूसची भरली वांगी घेऊन येईन हो." त्याच्या थट्टेने तिला आणखीच धडकी भरायची. एकेक परदेशी कंपनी बैरुतची विमानं बंद करत चालली. इमारतीतली बिऱ्हाडं एकेक करून डोंगरात नातेवाइकांकडे निघून गेली. समोरची हियाम जाताना कुंड्यांना पाणी घालायला सांगून गेली. रात्री जिन्यात एकही दिवा दिसेना.

त्यांचं विमान गुरुवारचं होतं, जहाज शुक्रवारी संध्याकाळचं. बुधवारी दुपारी विमान रद्द झालं.

पण कंपनीने सहीबद्दल चकार शब्द काढला नाही. तान्यूसने रात्रीपर्यंत फोन करून करून शेपटीवर देवदार असलेल्या लेबनॉनच्याच विमानांत जागा मिळवल्या. सारं शहर त्याच विमानांवर तुटून पडलं होतं. एक जागा शुक्रवारी सकाळची, एक शनिवारी दुपारची. बस्स.

"दोघं शनिवारी जाऊ," वदाद म्हणाली.

"शनिवारी एकच आहे, मिस."

"तू पुढं हो," स्कंदर म्हणाला. "मी शनिवारी रात्री रोड्सच्या बंदरात जहाज गाठतो. विम्यातच आहे ना रे ते?"

"आहे, काका. अगदी छापील आहे."

"आणि तुझं इन्सुलिन?" वदादने विचारलं.

हा एक घोर होता. स्कंदरच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सुईवरच्या बारीक रेघा त्याला दिसायच्या नाहीत. रोज रात्री वदाद रेघ बघून सुई भरायची आणि तो स्वतः टोचून घ्यायचा.

"एका रात्रीचा तर प्रश्न. भरून ठेव, टोचीन मी."

तिने सुई भरली, तीनदा मोजून बघितली आणि फ्रिजमध्ये ठेवली. बाकीच्या सुया बाटलीसकट त्याच्या बॅगेत घातल्या. दारात तो म्हणाला, "आता जा बघू. पोराला सांग, बाप उद्या येतोय, पाव कडक नको भाजूस."

विमान उडालं तेव्हा तिने खिडकीतून खाली बघितलंच नाही. तिचा जीव घाबरा झाला होता.

पिरेयसला जिना चढून वर गेली तर नबीह पांढऱ्या टोपीत उभा. वाळला होता, कानाजवळ केस पिकले होते. त्याच्या गळ्यात पडून ती इतकी रडली की रांगेतली माणसं बाजूला झाली. तिने घरून आणलेली झातर मसाल्याची पुडी आणि तेलात बुडवलेल्या लबन्याच्या दहीगोळ्यांची बरणी त्याने तिथंच उघडून हुंगली. त्या एका संध्याकाळी वदादला भीतीचा विसर पडला.

शनिवारी सकाळी नाश्त्याच्या टेबलावर नबीहने तीन बशा मांडून ठेवल्या होत्या, बापाच्या नावाची एक आदल्या दिवसापासूनच. तो पाव आणायला गेला आणि फोन वाजला.

"उम्म नबीह," स्कंदरचा आवाज नेहमीसारखाच होता, "घाबरू नकोस. पहाटे विमानतळाच्या रस्त्यावर बॉम्ब पडले. विमानतळ बंद केलाय. तान्यूस म्हणतो, कागद पक्का आहे, तिकिटाचा पैसा न् पैसा परत मिळेल."

त्याच्या आवाजामागे घोंघावणं ऐकू येत होतं.

"कधी उघडणार?"

"कोणाला माहीत?"

"कालची सुई घेतलीस?"

"घेतली."

"मग आजची?"



"इमारतीत कुणी राहिलं नाही गं. तान्यूसला बोलवलं असतं, पण रस्ता बंद आहे. भरीन मी अंदाजाने."

अंदाजाने! एक रेघ जास्त झाली तर झोपेतल्या झोपेत जाईल आणि सकाळी दार वाजवायलाही कोणी नसेल.

"अबू नबीह, अंदाज नाही करायचा! ऐकतोयस ना? उजेडात धर, भिंग शोध, माझ्या टेबलाच्या खणात..."

फोन तुटला. तिने पुन्हा लावला. पुन्हा लावला. खिडकीबाहेर निळंशार पाणी होतं आणि कुठंही जमीन दिसत नव्हती. वर पैसे मोजीन मी त्याचे, असं म्हणून तो कसा हसला होता, आणि आपणही कशा हसलो होतो, हे तिला आठवलं.

नबीह टोपलीभर गरम पाव घेऊन आला. आईचा चेहरा बघून जागीच थांबला. तिने थोडक्यात सगळं सांगितलं आणि त्याच्या मनगटाला धरलं.

"ह्या जहाजावरून उतरायचं कुठून, नबीह? मला घरी जायचंय. आजच्या आज. रात्रीच्या आत."

त्याने टोपली बापाच्या रिकाम्या बशीशेजारी ठेवली आणि खाली बसून तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"जाणार कशानं, ममा?" तो म्हणाला. "विमानं कुठं आहेत?"

गेली सहा वर्षं दर सणाला ती हेच त्याला विचारत आली होती.