पूजेतली हार्ड डिस्क

नवरात्रात आवाज चढवायचा नाही, हा माझा नेम. अनवाणी राहणं, एकवेळ जेवणं, रोज पोथीचा एक अध्याय, हे तर आमच्याकडे पुष्कळ बायका करतात. आवाजाचा नेम मी आपणहून घेतला, कारण आमच्या घरात आवाज चढवणारे आधीच पुरेसे आहेत. हळू बोलण्याचा एक फायदा असतो. ऐकणाऱ्याला जवळ यावं लागतं, आणि जवळ आलेल्याला टोचणं सोपं जातं. देवी क्षमा करो, पण या नवरात्रात मी तो फायदा पुरेपूर घेतला.

माझा मुलगा परेश फार हुशार आहे. असं तोच सांगतो. विचुंब्याला आमच्या जुन्या घराच्या जागी इमारत झाली, तिच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो आणि परेश तिथे घरात बसूनच कुठल्याशा कंपनीचं कॉम्प्युटरचं काम करतो. त्याची बायको समीक्षा. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिने मला सांगितलं, "आई, शनिवारी संध्याकाळी मला स्वयंपाकातून सुट्टी लागेल."

"शनिवारी माझा उपास," मी म्हटलं. "परेशला पोहे येतात."

शनिवारी तिचा खेळ असतो. पाचसहा जण टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली माणसं होतात, आणि पुढे काय घडेल ते फाशांवर ठरतं. आमच्याकडे गोष्ट सांगणारी समीक्षा. त्या गोष्टींची जाडजूड पुस्तकं असतात; नियम, नकाशे, राक्षसांची चित्रं. कागदाची नव्हेत, कॉम्प्युटरवर वाचायची. पहिली नोकरी लागल्यापासून तिने ती एकेक करून विकत घेतली होती. माहेरून तिने काय आणलं असं कोणी विचारलं, तर मी म्हणेन, हीच पुस्तकं. कपाट आणि भांडी काय, सगळ्याच आणतात.

तर लग्नानंतर परेशने "नीट लावून देतो" म्हणून तिचं त्या दुकानातलं खातं आपल्या खात्यात मिसळून टाकलं. आता दुकान उघडायचं तर चावीचे आकडे परेशच्या फोनवर येणार. दागिन्यांची पेटीसुद्धा निदान सुनेच्या कपाटात राहते. पण हुशार माणसाला कोण सांगणार.

श्रावणात दुकानाचा निरोप आला. आम्ही दुकान बंद करतोय, तुमची पुस्तकं उतरवून घ्या, नंतर मिळणार नाहीत. शेवटची तारीख नेमकी खंडेनवमीची, मध्यरात्रीपर्यंत.

मला आधी हे समजेचना. मी विचारलं, "तू पैसे दिलेस ना?"

"दिले."

"मग पुस्तकं तुझी."

"वाचायला माझी, आई. ठेवलेली त्यांच्याकडे."

म्हणजे उरणहून येणाऱ्या आमच्या ठमाबाईने मला सुरमई विकावी, पैसे कनवटीला लावावेत आणि म्हणावं, बाय, मासळी माझ्याच टोपलीत ऱ्हाऊ दे, तुला वाटेल तवा येऊन बघून जा. ठमाबाईला अशी विक्री सुचली नाही कारण ती शिकलेली नाही. त्या दुकानातले लोक शिकलेले आहेत.

समीक्षा त्याच संध्याकाळी एकेक पुस्तक उतरवायला बसली. परेशने पाहिलं आणि हसला. "एकेक काय करत बसलीस? बावळटपणा आहे हा. मी प्रोग्रॅम लिहितो, एका फटक्यात सगळं खाली येईल."

"कधी लिहिशील?"

"वीकेंडला."

तो वीकेंड गणपतीच्या तयारीत गेला. पुढचा गौरींत. मग पितृपक्ष लागला, तर हा म्हणतो, पितृपक्षात नवीन काम सुरू करू नये. आजोबांच्या तिथीला सकाळी ज्याने ऑम्लेट खाल्लं, तो हे सांगतो. समीक्षाने पुन्हा हाताने उतरवते म्हटलं, तर आकडे द्यायला हा मीटिंगमध्ये. मी एकदा हळूच म्हटलं, "बाळा, मी पोथी रोज एक अध्याय वाचते. एका फटक्यात वाचायची म्हणून ठेवली असती, तर अजून पहिल्या पानावर असते."

"आई, हे वेगळं असतं."

त्याच्याकडे सगळंच वेगळं असतं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. आमची मिठागरं होती तेव्हा पाटावर फावडी, कोयता, घमेली असायची. आता सासऱ्यांचं एक फावडं उरलंय, कोयता आहे, आणि बाकी परेशचा संसार: गाडीची किल्ली, घरातला एकुलता एक लॅपटॉप, आणि या पुस्तकांसाठीच आणलेली नवी हार्ड डिस्क. तिचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. आमच्या घराचा नियम असा, की पूजेत ठेवलेल्या वस्तूला दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांना विसावा.

परेशने स्वतः लॅपटॉपला झेंडूचा हार घातला, हार्ड डिस्कला कुंकू लावलं, फोटो काढून स्टेटसला टाकला आणि बूट घालायला लागला. नेऱ्याला त्याच्या मित्राचं, कल्पेशचं फार्महाउस आहे, तिकडे निघाला होता.

"आज?" समीक्षाने विचारलं. "आणि पुस्तकं?"

"आज कामाला हात लावायचा नसतो," तो म्हणाला.

मी वाती करत होते. "आजच पाळतोयस," मी म्हटलं, "का रोजचंच?"

त्याने ऐकलं नाही किंवा ऐकून बुटाची नाडी बांधली. "उद्या दुपारपर्यंत मुदत आहे. अमेरिकेत आपल्यानंतर उजाडतं. उद्या उत्तरपूजा झाली की एका फटक्यात."

त्याच्या गाडीची किल्ली पाटावर होती, म्हणून तो कल्पेशच्या गाडीतून गेला. कल्पेशच्या गाडीला बहुधा विसावा लागत नाही.

जेवणं झाली आणि प्रांजलचा फोन आला. प्रांजल समीक्षाची मैत्रीण, शनिवारच्या टेबलावरची. तिचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता. "तुझं सगळं उतरलं ना गं? अगं, दुकान अमेरिकेतलं नाहीये. न्यूझीलंडचं आहे. त्यांच्याकडे मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे आजचा चहा. निरोपात खाली लिहिलंय ते. वाचलं नाहीस?"

समीक्षाने वाचलं होतं. परेशला दाखवलंही होतं. त्यावर तो म्हणाला होता, या सगळ्या कंपन्या अमेरिकेतच असतात.

तिने फोनवरच पुस्तक उतरवायचा प्रयत्न केला. तिच्या फोनवर दुकान आधीपासून उघडं होतं, तिथे आकडे लागत नव्हते. मोठी पुस्तकं, निम्म्यात येऊन तुटायची. तीनदा तुटल्यावर ती पाटासमोर जमिनीवर बसली. हात मांडीवर. झेंडूच्या हाराखालचा लॅपटॉप तिच्यापासून वीतभर लांब होता आणि ती त्याला बोट लावत नव्हती. माझ्या घराचा नियम ती माझ्या मुलापेक्षा जास्त मानते, हे मला तेव्हा कळलं आणि आवडलं नाही.

"रडू नकोस," मी म्हटलं.

"रडत नाहीये. नवीन गोष्ट सुरू करायची होती दसऱ्यानंतर. सगळे वर्षभर थांबलेत."

तेवढ्यात खालच्या मजल्यावरून माझ्या मोठ्या जाऊबाई, सुमतीबाई, कडाकण्यांचं ताट घेऊन आल्या. त्यांना दोन वाक्यांत सगळं सांगितलं. त्यांनी ताट ठेवलं, पदर सारखा केला.

"मंग काय झालं? खेलच हाय तो. त्यान राक्षसांची चित्रं हान म्हनं. जातान तर जाऊ दे."

"जाऊबाई, देवीच्या पायाखाली काय कोकरू असतं?"

"तुजं बोलनं लय गोड हो चंद्रे," त्या म्हणाल्या. "न आतून मिरची."

मी हात धुतले. चिमूटभर अक्षता घेतल्या, देवघरासमोर बसले. घटाला मी हात लावणार नव्हते, तो आपल्या जागी होता. हत्यारांचा पाट वेगळा. देवीला म्हटलं, तुझ्यासमोर ज्यांना बसवलं त्यांतल्या दोघांना आज लवकर उठवते. कोयता आणि फावडं बसतील उद्यापर्यंत, त्यांनी काम केलेलं आहे. या दोघांनी पुस्तकांचं अजून काहीच केलेलं नाही, त्यांना विसावा कसला? दोष असेल तो माझ्या पदरात घाल, सुनेच्या नको. अक्षता वाहिल्या, लॅपटॉप आणि हार्ड डिस्क जराशा हलवल्या. आमच्यात तेवढं केलं की पूजा उतरली.

"अरे देवा. नवमीला उत्तरपूजा," सुमतीबाई म्हणाल्या, आणि नीट दिसावं म्हणून पुढे सरकून बसल्या.

लॅपटॉपवर दुकान नव्याने उघडायचं म्हणजे पुन्हा ते आकडे. समीक्षाने परेशला फोन लावला. पलीकडे गाणी वाजत होती.

"आता? अगं, लॅपटॉप पूजेत आहे. उद्या दुपारपर्यंत—"

मी फोन घेतला. "परेश, आकडे आले असतील ते सांग."

"आई, तू पूजा मोडलीस?"

"आकडे."

"पण अमेरिकेत—"

"तू नेऱ्यात आहेस, बाळा. अमेरिकेचं राहू दे. आकडे सांग."

त्याने सांगितले.

दुकानात पुस्तकांची ओळ लागली होती, पहिली घेतलेली वर, शेवटची खाली. समीक्षाने विचारलं, "आई, कुठून सुरू करू?" मी म्हटलं, "पहिल्यापासून. पोथी मधूनच उघडू नये." ती तसं करत गेली. एक दाबायचं, निळी रेघ भरायची, हार्ड डिस्कवर ठेवायचं, दुसरं दाबायचं. ठेवल्यावर ती प्रत्येक उघडून एक पान बघायची, म्हणून सुमतीबाईंनाही चित्रं दिसत होती.

"ह्यो कोन? याला तीन तोंडं हान."

"दार राखणारा आहे, मोठी आई."

"बरा दिसतंय. आमच्या बिल्डरपेक्षा बरा."

चहाची वेळ झाली तरी मी आधण ठेवलं नाही, जणू चहा ठेवला नाही तर वेळ होणार नाही. शेवटचं पुस्तक उतरायला लागलं. निळी रेघ अर्ध्यावर आली, थांबली. समीक्षाने पुन्हा दाबलं. दुकानाच्या जागी पांढरं पान आलं, त्यावर एक ओळ. तिने वाचून दाखवलं नाही.

"कुठलं राहिलं?" मी विचारलं.

"जे दसऱ्यानंतर सुरू करायचं होतं ते. बंदरांचं. सगळ्यांत शेवटी घेतलं होतं ना, म्हणून शेवटी होतं."

मी उठून चहाचं आधण ठेवलं.

परेश संध्याकाळी आला. बाकी घर कसं आहे ते न बघता थेट पाटाकडे बघितलं. "खंडेनवमीला पूजा मोडतात? आता काही वाईट झालं म्हणजे?"

"झालं," मी म्हटलं. "तिचं शेवटचं पुस्तक अर्धं आलं."

"मग ते आधी घ्यायचं. सगळ्यांत महत्त्वाचं आधी घ्यायचं, एवढं साधं—"

यात तो बरोबर होता. वर्षातून एकदा असतो, आणि नेमकी तीच वेळ साधतो. समीक्षाने त्याच्याकडे पाहिलं. "तू श्रावणात घेऊ दिलं असतंस तर सगळीच आधी झाली असती," ती म्हणाली. मग तिने हार्ड डिस्कवरचं कुंकू पदराने पुसलं, ती आपल्या कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला लावली. परेश म्हणाला, "अगं, माझ्या टेबलावर असू दे, मी नीट लावून देतो." तिने ऐकलं नाही किंवा ऐकून किल्लीचा आकडा घट्ट केला.

दसऱ्याला त्याने सोनं द्यायला माझ्या पायांना हात लावला तेव्हा मी त्याला प्रायश्चित्त सांगितलं. पूजा मी मोडली, पण मोडायला लावली त्याने, म्हणून वाटणी. मी पाच मंगळवार निर्जळी करणार. त्याने रोज अंघोळ झाल्यावर समीक्षासमोर बसायचं, एक पुस्तक उघडायचं आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नीट आहे की नाही ते बघायचं. रोज एक. हाताने.

तो हसला. समीक्षा हसली नाही, तिने कपाट उघडलं. मग तो बसला.

त्या शनिवारी मंडळी आली. प्रांजलने विचारलं, "अर्ध्या पुस्तकावर खेळायचं कसं?" प्रांजलकडेही ते पुस्तक नव्हतं, ते फक्त समीक्षाने घेतलं होतं. समीक्षाने फासे टेबलावर ठेवले. "बंदरापर्यंत आलंय पुस्तक," ती म्हणाली. "समुद्रात गेल्यावर काय होतं ते ठमाबाईंना विचारलंय मी." खरंच विचारलं होतं. ठमाबाई सकाळी अर्धा तास जिन्यात बसून सांगत होती, आणि सुरमई तशीच टोपलीत.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, परेश अंघोळ करून बसला. एक पुस्तक उघडलं, चारपाच पानं उलटली, मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी भाजी निवडत होते.

"आई, असं एकेक बघण्यात काही अर्थ नाही. मी एक प्रोग्रॅम लिहितो, तो सगळी पुस्तकं एका फटक्यात तपासेल. वीकेंडला—"

नवरात्र संपलं होतं. माझा नेमही.

खालून सुमतीबाई जिन्यात आल्या. "चंद्रे," त्यांनी विचारलं, "कोन ओरडतंय गो? टीवी हाय का?"